सांगलीत बसून डिझाइनचा जॉब शोधताय? दोनशे ठिकाणी अप्लाय करायच्या आधी हे वाचा

मी पण तेच केलेलं. विश्रामबागेत घरी बसून रोज रात्री लिंक्डइनवर ईझी अप्लाय, ईझी अप्लाय, नोकरी डॉट कॉमवर वेगळं, दोन महिन्यांत दीडशेच्या वर अर्ज गेले आणि उत्तरं आली चार, त्यातली तीन आपोआप जाणाऱ्या नकाराच्या मेल. चौथ्यानं फुकटात आख्ख्या ॲपचं डिझाइन टेस्ट म्हणून मागितलं आणि नंतर फोनच उचलला नाही.

त्यात आपली चूक एवढीच की जे बटण दाबणं आपल्याला सोपं आहे ते सगळ्यांनाच सोपं आहे, हे लक्षात येत नाही. एका जागेला शेकड्यानं अर्ज येतात, आणि आपण सगळीकडे एकच रेझ्युमे चिकटवतो. मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय का कधी? व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. आपलं हळकुंड कोणी मोडून बघेल अशी सोय आपणच करायची.

आधी एक शीट बनवा, पंधरा-वीस कंपन्या, जास्त नको. पुण्या-मुंबईच्या लिहा, रिमोटवाल्या लिहा, पण कुपवाड एमआयडीसीतल्या पण दोन-तीन घाला, तिथं कॅटलॉग, पॅकेजिंग, वेबसाइट हे सगळं कोणीतरी करतंच असतं. प्रत्येक कंपनीपुढं एका माणसाचं नाव. एचआरचं नको, डिझायनर किंवा डिझाइन लीड बघा, कारण कुणाला घ्यायचं हे शेवटी त्यालाच कळतं.

मग त्या माणसाचं काम खरंच बघा, ॲप डाउनलोड करून वापरा. इथंच अर्धे लोक गळतात, आणि इथंच आपला फायदा. लिंक्डइनच्या फुकट अकाउंटवर महिन्याला मोजक्याच रिक्वेस्टना नोट जोडता येते, त्यामुळं ती नोट उगाच घालवू नका, नाहीतर नुसती रिक्वेस्ट पाठवा आणि ॲक्सेप्ट झाली की मेसेज करा. मी पाठवलेला एक असा होता:

"नमस्कार ताई, मी सांगलीचा, यूआय डिझाइन करतो. तुमच्या ॲपमधलं हप्ता भरायचं स्क्रीन बदललेलं बघितलं, आधी तीन टप्पे होते आता एकातच होतंय. माझ्या वडलांना वापरायला दिलं तर ते पावतीपाशी अडकले. टेस्टिंगमध्ये वयस्कर माणसं होती का? पंधरा मिनिटं बोलता आलं तर बरं होईल, नाही जमलं तरी हरकत नाही."

यात नोकरी हा शब्द नाही बघा, मुद्दामच. पहिल्याच मेसेजला "रेफर करा ना" म्हणणं म्हणजे ओळख नाही पाळख नाही आणि डायरेक्ट जेवायला पान मांडा. बोलणं झालं, त्यांना काम आवडलं, की मग विचारायचं. आणि लाजायचं कारण नाही, बऱ्याच कंपन्यांत रेफर केलेला माणूस घेतला तर रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो.

उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एकदाच आठवण करा. दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा तर अजिबातच नको.

आता "आपली कुठं ओळख" हे रडगाणं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या लोकांचं छापलेलं, ओळखीतनं नोकरी मिळालेल्यांपैकी जवळपास ५६ टक्क्यांची ती ओळख अधूनमधून भेटणारी होती, नेहमी भेटणारी जेमतेम १७ टक्के. अभ्यासात माणसं थोडीच होती, पण पटतं, कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहितीये ते आपल्याला आधीच माहिती असतं. म्हणून कॉलेजचे तीन बॅच पुढचे सीनियर, जुन्या क्लासचे सर, लग्नात भेटलेला तो पुण्याच्या आयटीतला पाहुणा, यांना विचारा.

पोर्टफोलिओत दोन-तीनच कामं ठेवा पण नीट सांगितलेली: अडचण काय होती, काय काय करून बघितलं, काय फसलं. मी तासगावच्या एका बेदाणेवाल्याचा अर्ध्या किलोचा बॉक्स केलेला, पहिल्या खेपेला खिडकी एवढी मोठी ठेवली की बॉक्स दबायला लागला. इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त बोलणं त्या दबलेल्या बॉक्सवरच झालं, चकचकीत बँकिंग ॲपच्या रिडिझाइनकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही. मिरजेत सतार बनवणारे आहेत, त्यांच्यासाठी साधं ऑर्डरचं पान करून बघा की. आणि लिंक मोबाईलवर उघडून बघा, समोरचा माणूस बहुतेक तिथंच उघडणार.

सरसकट अप्लाय करणं पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही हां. रविवारी एक तास, नुकत्याच पडलेल्या जाहिराती, दहा अर्ज, बास. बाकीचे दिवस त्या पंधरा माणसांना. मला शेवटी काम मिळालं ते हप्तावाल्या ताईंच्या कंपनीत नाहीच, त्यांनी त्यांच्या जुन्या टीममधल्या एकाचा नंबर दिला, तिथं. वडील अजून त्या पावतीपाशी अडकतात.