'पिक अप'चे ढीगभर अर्थ पाठ न करता कसे शिकायचे

पिक अप म्हणजे उचलणे, एवढं शाळेतच शिकवलेलं असतं. गोव्यात राहणाऱ्याला दुसरा अर्थ पण फुकटात मिळतो, पिकअप म्हणजे गेस्टला जाऊन घेऊन येणं, आणि २०२३च्या जानेवारीत मोपाचा दुसरा विमानतळ चालू झाल्यापासून तर 'पिकअप मोपा का दाबोळी' हे विचारल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही. गाडी अडते ती तिसऱ्या अर्थापासून पुढे. डिक्शनरी उघडली की एकाखाली एक अर्थांची रांगच लागलेली दिसते आणि माणूस मुकाट्याने ती बंद करतो.

रांग पाठ करू नका, सरळ सांगतो. दोन दिवसांत सगळं डोक्यातनं जातं. त्याऐवजी एक सवय लावा, वाक्यात पिक अप दिसलं की आधी बघायचं की कोण पिक अप करतंय आणि काय पिक अप करतंय. अर्थ बहुतेक वेळा त्या 'काय'मध्येच असतो.

समजा कळंगुटच्या एखाद्या गेस्टहाऊसच्या व्हॉट्सॲपवर हा मेसेज आला:

"हाय, कॅन यू पिक अस अप फ्रॉम मोपा ॲट सिक्स? माय सन हॅज पिक्ड अप अ बग, सो वी मे नीड टु पिक अप सम मेडिसिन ऑन द वे. माय ऑफिस इज पिकिंग अप द टॅक्सी बिल."

चार वाक्यं पण नाहीत धड आणि चार पिक अप. पहिल्यात 'अस' म्हणजे माणसं आहेत, म्हणजे न्यायला या. दुसऱ्यात 'बग', आता पोराने किडा उचलला असं समजलात तर पुढचं औषधाचं वाक्य जुळत नाही, इथे बग म्हणजे छोटंसं इन्फेक्शन आणि पिक अप म्हणजे कुठनंतरी लागलं. तिसऱ्यात 'मेडिसिन', म्हणजे वाटेत फार्मसीकडे थांबून घ्यायचंय. विकत घ्यायचंय हे कुठे लिहिलेलं नाही, पण दुकानात मिळणारी वस्तू आली की तोच अर्थ धरायचा, तसंच जसं आपण म्हणतो येताना पोई (गोव्याचा पाव) घेऊन ये. चौथ्यात 'बिल', आणि इथे बऱ्याच जणांना वाटतं की ऑफिसचा माणूस येऊन बिलाचा कागद घेऊन जाणार. तसं नाही, बिल पिक अप करणं म्हणजे पैसे भरणं. टॅक्सीवाल्याला हा अर्थ बाकी सगळ्यांपेक्षा आधी माहीत पाहिजे.

आता असं वाटेल की हे चार अर्थ चार दिशांना आहेत, पण नीट बघितलं तर फार लांबचे नाहीत. खाली पडलेलं किंवा बाहेर कुठेतरी असलेलं आपल्याकडे येतं, वस्तू असो, माणूस असो, आजार असो नाहीतर खर्चाचा भार. भाषा पण अशीच येते. 'शी पिक्ड अप सम कोंकणी ॲट म्हापसा मार्केट', म्हणजे क्लास नाही, पुस्तक नाही, शुक्रवारच्या बाजारात मासळीवालीशी घासाघीस करता करता आली. म्हणून क्लास लावून शिकलेल्या गोष्टीला सहसा पिक अप म्हणत नाहीत, तिथे साधं 'लर्न' वापरा. वाईट सवय पण पिक अप होते, ॲक्सेंट पण होतो, आणि मोलेच्या जंगलात मोबाईलला रेंज मिळत नाही तेव्हा 'माय फोन कान्ट पिक अप अ सिग्नल', तेही याच घरातलं.

दुसरं घर म्हणजे जिथे 'काय' असं काही नसतंच. 'बिझनेस इज पिकिंग अप'. काय पिक अप करतोय? काही नाही, बिझनेस स्वतःच वर चाललाय. ऑक्टोबर लागला की शॅकवाले, हॉटेलवाले, रेंट-अ-बाईकवाले सगळ्यांच्या तोंडी हेच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, बंदी उठली की मासळी बाजार परत 'पिक्स अप'. दुपारी मिरामारला वारं वाढतं तेव्हा 'द विंड इज पिकिंग अप'. गाडी अनमोड घाट उतरून सरळ रस्त्याला लागते तेव्हा ती 'पिक्स अप स्पीड', हां, इथे स्पीड हा 'काय' आहे, पण अर्थ वाढण्याचाच. तर धंदा, वारा, वेग, तब्येत असलं काही दिसलं की वाढलं किंवा सुधारलं असं समजून पुढे जा.

एकच अपवाद मुद्दाम लक्षात ठेवा. 'आय कॉल्ड बट नोबडी पिक्ड अप', इथे पण पुढे काही नाही, पण वाढण्याशी काही संबंध नाही, फोन उचलला नाही एवढंच. कॉल किंवा फोन आसपास असतोच, त्यावरनं कळतं.

आता वाक्य बनवताना. नाव असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द गेस्ट' आणि 'पिक द गेस्ट अप'. पण हिम, हर, इट, देम असेल तर ते मधेच बसलं पाहिजे, 'पिक देम अप'. 'पिक अप देम' चुकीचं, आणि ही चूक आपल्याकडे कॉलेज झालेली मंडळी पण सर्रास करतात. त्याचं कारण बहुतेक हेच की पिकअप हा एक अख्खा शब्द म्हणून आपल्या तोंडात बसलाय आणि तो तोडायला जीव होत नाही. तोडा.

ऐकताना वेगळीच गंमत असते, गोरा माणूस 'पिक... इट... अप' असं सुटं सुटं बोलत नाही, तो 'पिकिटप' म्हणतो, आणि 'पिक्ड अप'चं होतं 'पिक्टप'. फोनवर तर हे असंच येणार, त्यामुळे वाचून कळलं तरी एकदा मोठ्याने बोलून बघा. जोर पण बदलतो, पिकअप हे नाव असेल (सहाचा पिकअप, पिकअप गाडी) तर जोर 'पिक'वर, क्रियापद असेल तर 'अप'वर.

हॉटेलात, बारमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. बारमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईला कोणी 'पिक अप' केलं म्हणजे पटवलं. त्यामुळे गेस्टबद्दल बोलताना जागा आणि वेळ जोडा, 'आय विल पिक हर अप फ्रॉम द एअरपोर्ट ॲट सिक्स', मग कोणी भुवया उंचावत नाही.

पुढे 'ऑन' किंवा 'आफ्टर' लागलं तर ते वेगळंच प्रकरण आहे, वेगळं पान करा. 'पिक अप ऑन' म्हणजे न सांगता लक्षात येणं, 'पिक अप आफ्टर' म्हणजे कोणीतरी केलेला पसारा आवरणं. बीचवर 'प्लीज पिक अप आफ्टर युवर डॉग' लिहिलेलं असेल तर कुत्र्यानंतर काय उचलायचं ते कुत्रेवाल्याला बरोबर कळतं.

वहीत लिहिताना अर्थ नाही, जोडी लिहा: बिल, बग, स्पीड, सिग्नल, गेस्ट, कोंकणी. प्रत्येकापुढे स्वतःच्या कामातलं एक वाक्य. डिक्शनरी बघायचीच तर लाँगमनची ऑनलाइन फुकट आहे, तिथे मधे दोन तोंडाचा बाण दिसला की समजायचं, हा शब्द तोडता येतो.

आणि हे जमलं की लगेच 'ड्रॉप ऑफ' घ्या, तो याचाच जोडीदार आहे. गेस्टला पिक अप केलं, संध्याकाळी ड्रॉप ऑफ केलं. ऑक्टोबरमध्ये बुकिंग्ज पिक अप, जूनमध्ये ड्रॉप ऑफ. आणि 'ग्रँडपा ड्रॉप्ड ऑफ इन द कार' असं कोणी म्हटलं तर आजोबांना कुठे उतरवलं ते विचारू नका, ते मागच्या सीटवर झोपलेत.