इंग्रजी वाक्प्रचार वापरताय? या चुका टाळा

सातपूरच्या एका कारखान्यात नुकत्याच लागलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा वारले. त्याने साहेबांना रजेचा मेल केला: 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट.' अर्थ त्याला अचूक पाठ होता. पण हा प्रयोग थट्टेतला, आपल्या 'गचकला'च्या जातीचा. रजेच्या अर्जात आपण आजोबा 'गचकले' असं लिहू का? तिथे 'पास्ड अवे' हवं होतं. मी वर्गात अर्थ सांगितला होता, तो कुठे चालत नाही हे सांगायचं राहिलं होतं. तेव्हापासून मी नवा वाक्प्रचार कोण, कोणाला, कधी म्हणतं हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी चूक शब्द गाळण्याची. मराठीत 'द'सारखं उपपद नाही, म्हणून 'आय ॲम अंडर वेदर' सहज तोंडून जातं. पण 'नाकी नऊ'चे जसे 'नाकी दहा' होत नाहीत, तसंच 'अंडर द वेदर'मधला 'द' काढता येत नाही. शिवाय तो सर्दी, कसकस अशा किरकोळ दुखण्यासाठी आहे. डेंग्यूने ॲडमिट असलेल्या भावाबद्दल तो वापरू नका.

पावसाचं तर विचारूच नका. शाळेत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घोकून घेतलेलं असतं, पण ते आता जुनं वाटतं. रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' पुरतं. आणि आपलं मराठी शब्दशः इंग्रजीत नेऊ नका. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलं की गळ्यापर्यंत, एवढ्यावर नाशिककराला पूर कळतो. बाहेरच्याला त्यातलं काय कळणार? 'मुसळधार'चंही तसंच.

काही जोड्या मात्र अगदी जुळतात. द्राक्षांच्या गावात 'सावर ग्रेप्स' वेगळं शिकवावं लागत नाही, कोल्ह्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तरी मुलं तो कुठल्याही जळफळाटाला लावतात. हवी असलेली गोष्ट मिळाली नाही आणि मग तिलाच नावं ठेवली, तरच तो लागू पडतो.

परदेशी क्लायंटशी मीटिंग असेल तर 'टेबल'पासून सांभाळा. ब्रिटिश माणूस 'लेट्स टेबल दिस' म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकन म्हणाला तर पुढे ढकलायचा. शंका आली तर तिथेच विचारा: 'डू यू मीन नाऊ ऑर लेटर?'

वहीत सुटा वाक्प्रचार लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. लर्नर्स डिक्शनरीत त्यापुढे 'इन्फॉर्मल' किंवा 'ह्यूमरस' असं लिहिलंय का, तेही टिपा. आणि ऐन इंटरव्ह्यूत 'अ पीस ऑफ केक' आठवला नाही, तर अडू नका. सरळ 'इट वॉज व्हेरी ईझी' म्हणा.