ईमेल भलत्याच फोल्डरमध्ये जात आहेत? फिल्टरचे नियम दुरुस्त करताना या चुका टाळा

अपेक्षित ईमेल इनबॉक्समध्ये दिसला नाही की आपण स्पॅम फोल्डर उघडतो, तेथे तो सापडल्यास ‘स्पॅम नाही’ असे कळवून मोकळे होतो आणि पुन्हा तोच प्रकार घडला की त्या पत्त्यासाठी आणखी एक नियम तयार करतो. काही काळाने नियमांची यादी इतकी वाढते की कोणता नियम कशासाठी लिहिला होता हे स्वतःलाही सांगता येत नाही, आणि ईमेल मात्र वाट चुकतच राहतात. चुकीच्या नियमावर दुसऱ्या नियमाचा उतारा शोधणे ही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ईमेल कोणी हलवला हे आधी निश्चित करावे आणि तो निर्णय जेथे झाला तेथेच दुरुस्ती करावी. बहुतेक वेळा ही दुरुस्ती म्हणजे एखादा नियम काढून टाकणे किंवा त्याची अट आवळणे एवढीच असते.

ईमेल कोणी हलवला हे न पाहताच नियम बदलणे

ईमेल एखाद्या फोल्डरमध्ये स्थिरावण्यापूर्वी त्याच्याबद्दल तीन ठिकाणी निर्णय होऊ शकतो. पहिले ठिकाण म्हणजे सेवा पुरवणाऱ्या सर्व्हरवरील स्पॅम फिल्टर, दुसरे म्हणजे आपण आपल्या खात्यात सर्व्हरवरच साठवलेले नियम, आणि तिसरे म्हणजे आपल्या संगणकावरील किंवा फोनवरील ईमेल प्रोग्रॅमचे स्वतःचे नियम. तिन्ही ठिकाणी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे ईमेल जागेवर नसतो. त्यामुळे नुसत्या परिणामावरून कारण ओळखता येत नाही.

यासाठी सोपी चाचणी अशी: सर्व उपकरणांवरील ईमेल प्रोग्रॅम पूर्णपणे बंद करावेत, केवळ ब्राउझरमधून खाते उघडावे आणि दुसऱ्या खात्यावरून त्याच प्रकारचा ईमेल स्वतःला पाठवावा. तो ब्राउझरमध्येही चुकीच्या फोल्डरमध्येच दिसला, तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे. तो इनबॉक्समध्ये आला आणि संगणकावरचा प्रोग्रॅम सुरू करताच तेथून नाहीसा झाला, तर दोषी नियम त्या प्रोग्रॅममध्ये आहे. आउटलुकमध्ये ‘केवळ या संगणकावर’ चालणारे काही नियम असतात आणि ते प्रोग्रॅम उघडा असतानाच काम करतात. दिवसा ईमेल बरोबर जागी जातात आणि रात्री आलेले सगळे इनबॉक्समध्ये साचतात, अशी तक्रार असेल तर प्रथम याच नियमांकडे पाहावे.

याच्या जोडीला ईमेलचे मूळ हेडर, म्हणजे संदेशासोबत येणारी तांत्रिक माहिती, पाहण्याची सवय लावावी. जीमेलमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’ या पर्यायाने आणि थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये संदेशाचा स्रोत उघडून ते पाहता येतात. पाठवणाऱ्याची ओळख पडताळली गेली की नाही, संदेश नेमक्या कोणत्या पत्त्यावर पोहोचवला गेला आणि काही सेवांमध्ये स्पॅम फिल्टरने संशयाचे किती गुण दिले, हे तेथे लिहिलेले असते. जीमेल तर स्पॅममधील संदेश उघडल्यावर तो तेथे का टाकला याचे कारण वरच्या पट्टीत देतो. ते वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

नियमांचा क्रम सगळीकडे सारखाच चालतो असे समजणे

आउटलुक आणि थंडरबर्ड नियम वरून खाली तपासतात. वरच्या नियमाने काम केल्यानंतरही ‘पुढील नियम तपासू नका’ ही सूचना दिलेली नसेल, तर खालचे नियमही त्याच ईमेलवर चालू शकतात. एका विशिष्ट व्यक्तीचे ईमेल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम खाली असेल आणि ‘बिल’ हा शब्द असलेले सगळे ईमेल हिशेबाच्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम वर असेल, तर त्या व्यक्तीने बिलाचा उल्लेख करताच पत्रव्यवहार दुभंगतो. नेमके आणि अरुंद नियम वर, ढोबळ नियम खाली आणि प्रत्येक नेमक्या नियमाच्या शेवटी थांबण्याची सूचना, एवढी मांडणी केली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

जीमेलची रीत मात्र वेगळी आहे. तेथे फिल्टरना क्रमच नसतो आणि थांबण्याची सूचनाही देता येत नाही. ईमेलशी जुळणारे सगळे फिल्टर लागू होतात. त्यामुळे एका फिल्टरमध्ये ‘इनबॉक्स वगळा’ ही कृती असेल, तर तोच ईमेल इनबॉक्समध्ये ठेवण्यासाठी दुसरा फिल्टर लिहून काहीही साध्य होत नाही, कारण ‘इनबॉक्समध्येच ठेवा’ अशी कृती तेथे उपलब्धच नाही. ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ ही कृती केवळ स्पॅमपासून वाचवते, इनबॉक्स वगळण्याची सूचना ती रद्द करत नाही. येथे उपाय एकच: मूळ फिल्टर उघडून त्यातील ‘हे शब्द नसलेले’ या रकान्यात अपवाद लिहावा, किंवा शोधाच्या ओळीत नको असलेल्या पत्त्यापुढे उणे चिन्ह द्यावे.

ज्यांच्या सर्व्हरवर सिव्ह या ईमेल गाळण्याच्या भाषेतील नियम चालतात, त्यांनी एकापाठोपाठ स्वतंत्र अटी लिहिण्याऐवजी ‘अन्यथा जर’ या रचनेने त्या साखळीत बांधाव्यात. दोन स्वतंत्र अटी एकाच ईमेलशी जुळल्या आणि दोन्हींत फोल्डरमध्ये टाकण्याची आज्ञा असली, तर त्या ईमेलच्या प्रती दोन्ही फोल्डरमध्ये पडतात.

‘सर्व अटी’ आणि ‘कोणतीही एक अट’ यांत गल्लत करणे

ही चूक दिसायला क्षुल्लक आहे, पण एका फटक्यात अख्खा इनबॉक्स रिकामा करण्याची ताकद तिच्यातच आहे. थंडरबर्डमध्ये नियमाच्या वरच्या बाजूला ‘सर्व अटी जुळल्यास’ किंवा ‘कोणतीही एक जुळल्यास’ यांपैकी एक निवडावे लागते. आउटलुकमध्ये ही निवड वेगळी विचारली जात नाही. तेथे वेगवेगळ्या अटी सगळ्या जुळाव्या लागतात, मात्र एकाच अटीत दिलेल्या अनेक पत्त्यांपैकी किंवा शब्दांपैकी एक जुळला तरी पुरते. एका प्रोग्रॅममधील नियम डोळे झाकून दुसऱ्यात उतरवला की अर्थ बदलतो तो येथे.

खरा सापळा नकारार्थी अटींचा आहे. समजा, कार्यालय आणि कुटुंब या दोन गटांखेरीज इतर सर्वांचे ईमेल ‘नंतर वाचू’ अशा फोल्डरमध्ये टाकायचे आहेत. त्यासाठी ‘पाठवणारा कार्यालयाचा नाही’ आणि ‘पाठवणारा कुटुंबातील नाही’ अशा दोन अटी लिहिल्या आणि ‘कोणतीही एक’ हा पर्याय निवडला, तर कार्यालयाचा ईमेल दुसऱ्या अटीत बसतो, कुटुंबाचा पहिल्या अटीत बसतो आणि इनबॉक्समध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. नकारार्थी अटी एकाहून अधिक असतील, तर ‘सर्व अटी’ हाच पर्याय हवा. नियम सुरू करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून पाहिला तरी ही गफलत बहुधा लक्षात येते.

चुकीच्या खुणेवर नियम उभा करणे

विषयातील शब्दावर आधारलेले नियम शक्यतो करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘समाविष्ट आहे’ ही अट शब्द पाहत नाही, अक्षरांची सलग मालिका पाहते. त्यामुळे ‘बिल’ शोधणारा नियम ‘बिल्डिंग’ आणि ‘मोबिलिटी’ हे शब्दही पकडतो. जीमेलमध्ये याच्या नेमके उलट होते, म्हणजे तेथे शब्दाचा तुकडा देऊन शोध लागत नाही आणि पूर्ण शब्दच द्यावा लागतो. देवनागरी विषयांची आणखी एक अडचण आहे. आरएफसी २०४७ या इंटरनेट मानकानुसार असे विषय हेडरमध्ये सांकेतिक रूपात पाठवले जातात, त्यामुळे कच्च्या हेडरवर चालणाऱ्या नियमाला त्यात मूळ अक्षरे सापडतच नाहीत. शिवाय ‘दऱ्या’मधील अर्ध्या र सारखे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित करता येते, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, नियमाला मात्र ती वेगळी असतात.

पाठवणाऱ्यावर आधारलेला नियम करताना दिसणारे नाव न घेता पत्ता घ्यावा, कारण नाव कोणीही काहीही लिहू शकतो. मात्र वृत्तपत्रिका आणि चर्चागटांसाठी पत्ताही भरवशाचा नसतो. चर्चागटात प्रत्येक ईमेलचा लेखक वेगळा असतो, आणि मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्या सेवा पत्ते व उपडोमेन (पत्त्यातील @ नंतरच्या डोमेनचा पोटभाग) बदलत असतात. यासाठी २००१ साली आरएफसी २९१९ मध्ये ‘लिस्ट-आयडी’ हे गटाची ओळख सांगणारे हेडर ठरवून देण्यात आले. गटाचे नाव किंवा सर्व्हर बदलला तरी ही ओळख सहसा टिकते. विषयात चौकटी कंसांत लिहिलेल्या गटाच्या नावावर विसंबणारे पाच नियम काढून त्या जागी लिस्ट-आयडीवरचा एकच नियम लावणे केव्हाही बरे.

‘प्रति’ या रकान्यात माझा पत्ता नसेल तर ईमेल जंकमध्ये टाका, हा नियमही बराच लोकप्रिय आहे आणि तितकाच घातक आहे. गुप्त प्रत म्हणून आलेले आणि चर्चागटातून आलेले ईमेल त्यात सरसकट सापडतात.

संपूर्ण डोमेनला मोकळीक देणे

एक ईमेल स्पॅममध्ये गेला म्हणून त्या पाठवणाऱ्याचे अख्खे डोमेन सुरक्षित यादीत टाकणे सोपे वाटते, पण ‘प्रेषक’ या रकान्यातील पत्ता बनावट असू शकतो. स्वतःच्या संस्थेच्या डोमेनला अशी सूट देणे तर सर्वांत धोक्याचे, कारण फसवे ईमेल बहुधा आतल्याच व्यक्तीच्या नावाने येतात आणि आपण त्यांच्यासाठी दार उघडे ठेवलेले असते. सूट द्यायचीच असेल तर एकाच पत्त्याला द्यावी आणि जेथे सोय असेल तेथे एसपीएफ, डीकेआयएम किंवा डीमार्क (ईमेल खरोखर त्या डोमेनकडून आला का हे तपासणाऱ्या पद्धती) ही पडताळणी यशस्वी झाल्याची अटही जोडावी.

जुन्या खात्यावरचे ईमेल नव्या खात्याकडे आपोआप वळवले असतील, तर खरेखुरे ईमेलही स्पॅममध्ये जाऊ शकतात. एसपीएफ ही पडताळणी संदेश देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता पाहते आणि वळवलेला संदेश मधल्याच सर्व्हरवरून येत असल्याने ती अपयशी ठरू शकते. डीकेआयएमची सही अशा प्रवासात टिकते, परंतु मधल्या सर्व्हरने सही केलेल्या विषयात खूण घातली किंवा मजकुराखाली तळटीप जोडली की तीही मोडते. अशा वेळी आपल्या फिल्टरशी झटापट करून उपयोग नाही. वळवण्याच्या मार्गातील तो फेरफार थांबवावा.

गुणांची मर्यादा चाळवणे आणि फिल्टरला चुकीचे शिकवणे

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम फिल्टर वापरणाऱ्या सर्व्हरवर ईमेल स्पॅम ठरवण्याची मूळ मर्यादा ५ गुणांची असते. स्पॅम निसटतो म्हणून ती २ किंवा ३ वर आणली की निरुपद्रवी ईमेलही अडकू लागतात. त्याच्या बेझ पद्धतीच्या, म्हणजे शिकवलेल्या संदेशांवरून अंदाज बांधणाऱ्या, भागाला मूळ मांडणीत किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले संदेश शिकवल्याशिवाय तो निर्णयात भागच घेत नाही. अनेक जण केवळ स्पॅम शिकवतात आणि फिल्टर सुधारत नाही म्हणून वैतागतात. आपणच वर्गणीदार झालेली वृत्तपत्रिका कंटाळा आला म्हणून स्पॅम ठरवणे हेही चुकीचे शिक्षण आहे; तेथे वर्गणी रद्द करावी.

एकेकाळी बरोबर असलेला नियमही पुढे चुकीचा ठरतो. स्पॅमअसॅसिनमध्ये दूरच्या भविष्यातील तारीख असलेल्या ईमेलला संशयाचे गुण देणारा एक नियम होता आणि त्याच्या आकृतिबंधात २०१० पासूनची वर्षे धरलेली होती. १ जानेवारी २०१० उजाडताच जगभरच्या साध्यासुध्या ईमेलना या एकाच नियमामुळे बहुतेक मांडण्यांत तीनहून अधिक गुण मिळू लागले आणि अनेक ठिकाणी ते स्पॅम ठरले. आपल्या यादीतही संपलेल्या प्रकल्पांचे, सोडलेल्या नोकरीचे आणि नाव बदललेल्या फोल्डरचे नियम पडून असतात. ज्या फोल्डरकडे नियम बोट दाखवतो ते फोल्डर हटवले असल्यास नियम बंद पडतो किंवा ईमेल भलतीकडे राहतो, म्हणून फोल्डरची नावे बदलल्यावर यादी एकदा पाहावी.

आपण न केलेल्या नियमाकडे दुर्लक्ष करणे

यादीत अनोळखी नियम आढळला, विशेषतः ईमेल वाचलेला म्हणून खूण करणारा, आरएसएस (संकेतस्थळांवरील ताज्या मजकुराच्या नोंदी) किंवा संग्रह अशा सहसा न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये ढकलणारा किंवा बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा, तर खात्यात कोणीतरी शिरले आहे असेच गृहीत धरावे. पैशांच्या व्यवहारांवर डोळा ठेवणारे भामटे बळीला उत्तरे दिसू नयेत म्हणून असे नियम लावतात. केवळ तो नियम काढून भागत नाही. त्याची नोंद ठेवावी, पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवर खात्यातून साइन आउट करावे, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि ईमेल आपोआप वळवण्याची स्वतंत्र सेटिंगही तपासावी, कारण ती नियमांच्या यादीत दिसत नाही.

दुरुस्तीनंतर जुने ईमेल तसेच सोडणे

बदललेला नियम सहसा नव्या ईमेलवरच चालतो. जुन्यांसाठी आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये नियम ‘आत्ता चालवा’ हा पर्याय आहे, तर जीमेलमध्ये फिल्टर साठवताना ‘जुळणाऱ्या संभाषणांनाही लागू करा’ या चौकोनात खूण करावी लागते. थंडरबर्डच्या नियमात तो जंक ओळखण्यापूर्वी चालावा की नंतर हेही निवडता येते, आणि फिल्टरची नोंदवही सुरू ठेवल्यास कोणत्या नियमाने कोणता ईमेल हलवला हे त्यात दिसते. जीमेल स्पॅममधील ईमेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकतो आणि त्याचा नेहमीचा शोध स्पॅम व ट्रॅश पाहत नाही. म्हणून हरवलेले ईमेल शोधताना शोधाच्या पर्यायांत ‘स्पॅम आणि ट्रॅशसह सर्व’ निवडावे, आणि सापडलेले ईमेल नियमांची फेरमांडणी पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी बाहेर काढून ठेवावेत.