माकड आणि मगरीची गोष्ट लघुचित्रात कशी रंगवावी

रंगाला हात लावण्याआधी प्रसंग ठरवा. मेवाडचे महाराणा जगतसिंह यांच्या काळात सुरू झालेल्या रामायणाच्या चित्रांत (१६४९ ते १६५३) एकच पात्र एका पानावर अनेकदा दिसते, आणि तरी गोंधळ होत नाही. पंचतंत्रातल्या या गोष्टीसाठी तीन प्रसंग पुरतात: माकड जांभूळ टाकते, मगरीच्या पाठीवर बसून नदीत जाते, काळीज झाडावर राहिल्याची थाप मारून परत झाडाकडे झेप घेते. मगरीच्या घरचा संवाद गाळा. बोलणे चित्रात दिसत नाही.

चौकट २० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच घ्या. झाड डावीकडे एकदाच येईल. पहिले माकड सर्वांत खालच्या फांदीवर, तोंड नदीकडे. दुसरे मध्यभागी, उजवीकडे जाणारे. तिसरे झाड आणि पाणी यांच्यामध्ये, हवेत, तोंड झाडाकडे. तिसरेही फांदीवर बसवले तर दोन वेगळी माकडे वाटतात. इथेच बहुतेक चित्रे फसतात. तिन्ही वेळा माकडाचा रंग आणि आकार अगदी सारखा ठेवा.

कागद म्हणजे वसली. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात शिजवून खळ करा, किडीसाठी चिमूटभर मोरचूद घाला. मोरचूद विषारी आहे, भांडे वेगळे ठेवा. हातकागदाचे तीन-चार ताव एकावर एक चिकटवा, मधली हवा हाताने बाहेर काढा आणि वजनाखाली सावलीत पूर्ण वाळू द्या. गुठळी राहिली तर घोटताना तिथेच चट्टा उमटतो. उन्हात वाळवलेली वसली वाकते. वाळली की अकीक दगडाने चकाकी येईपर्यंत घोटा.

रेखाटन पातळ गेरूने करा. त्यावर पांढऱ्या रंगाचा इतका पातळ हात द्या की गेरूची रेघ खालून दिसत राहील. मग रेघा सुधारून काळ्या रंगाने पक्क्या करा. चित्र काचेवर पालथे ठेवून मागून घोटा. पुढून घोटले तर रेघ फिसकटते.

जुने चित्रकार पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ वापरत. पहिल्यात आर्सेनिक असते, दुसऱ्यात पारा. घरी वाटू नका. गेरू, नीळ, काजळ चालतील. बाकी रंगांसाठी गवाशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) नळ्या घ्या, त्यांत डिंक आधीच असतो. सुक्या रंगात मात्र बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून, थेंबाथेंबाने मिसळा. कोऱ्या तुकड्यावर वाळवून बोट फिरवा: रंग बोटाला लागला तर डिंक कमी, चमकला किंवा तडकला तर जास्त. नदीसाठी चांदी वापरू नका. जुन्या चित्रांतले चांदीचे पाणी काळे पडले आहे. नीळ आणि पांढरा पुरे.

आधी आकाश, जमीन, पाणी, मग झाड, शेवटी प्राणी. रंग दुधाइतका पातळ हवा. एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर द्या, प्रत्येक वाळू द्या आणि मधूनमधून मागून घोटा.

खरा वेळ परदाजाला लागतो: बारीक ठिपके आणि रेघांनी दिलेली छटा. त्यासाठी ००० क्रमांकाचा कृत्रिम केसांचा कुंचला घ्या. मुंगसाच्या केसांचा घेऊ नका, त्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. कुंचला जवळजवळ कोरडा ठेवा. ओला असला तर खालचा थर विरघळून डाग पडतो. माकडाच्या अंगावर केस वाढतात त्याच दिशेने रेघा ओढा. मगरीचे खवले पाठीवर मोठे ठेवा आणि पोटाकडे लहान करत न्या. जम्मूतल्या बसोहलीचे चित्रकार पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवत. माकडाला दागिने नसल्याने ती हौस इथे भागत नाही.

बाह्यरेषा पुन्हा गडद करा आणि डोळे सर्वांत शेवटी. बुबुळ कुठे वळले आहे यावरून माकडाला धोका कळला की नाही ते ठरते: पहिल्या दोन प्रसंगांत ते मगरीकडे, तिसऱ्यात फांदीकडे. मग दोन सेंमीचा लाल हाशिया, म्हणजे कडेची पट्टी, रंगवून आतल्या कडेला बारीक पिवळी रेघ मारा.