‘हिंदी येते ना?’: मुंबईत मूल सांभाळायच्या कामाला लागताना

नऊ वर्षं मुलं सांभाळतेय. राहायला भांडुप, कामं बहुतेक पवईत. नव्या बायका पहिलं विचारतात, "ताई, रेट काय?"

माझी पहिली मुलाखत पवईत एकविसाव्या मजल्यावर झाली. मॅडम मराठीच. बाळ पाच मिनिटांत मांडीवर येऊन बसलं, मी "ये माझ्या सोन्या" करत होते. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हिंदी येते ना? त्याच्याशी मराठी नका बोलू हं. प्लेस्कूल सुरू होणारेय." आणि मराठीतच १८,००० सांगितले.

समोरच्या घरात दार्जिलिंगची मुलगी होती, तिला २६,०००. गोरी, इंग्रजीची चार वाक्यं बोलणारी. तिच्या एजन्सीवाल्याकडे यालाच ‘प्रेझेंटेबल’ म्हणतात. मी आधी जळले, मग हिशेब केला. मी १२ तास, महिन्याचे २६ दिवस. तासाला ५८ रुपये पडतात. ती चोवीस तासवाली, महिन्याला दोन सुट्ट्या, रात्री बाळ रडलं की उठणार तीच. तिचा तास ३९ रुपयांचा. म्हणून नुसता आकडा ऐकून भुलू नका, तास विचारा.

झारखंडची आदिवासी मुलगीही त्याच एजन्सीची, तिचं काम तेच, पण पगार आमच्या दोघींपेक्षा कमी. कारण काय, तर ‘भाषा नाही’. वर पहिला पगार कमिशनमध्ये गेला. बंगालची असलीस तर आधी "बांगलादेशी नाही ना?" माझी एक मुसलमान मैत्रीण गेटच्या आत आशा असते, बाहेर आली की स्वतःच्या नावाची.

आणि मराठी म्हणून आपल्याला मराठी घरात मान, असंही समजू नका. पार्ल्याच्या घरात बाळ एकदा "पानी" म्हणालं. आजींनी त्याला नाही, मला सुधारलं, "पाणी म्हणा, मावशी." कप मात्र माझा वेगळा, ओट्याखालचा.

पोलीस व्हेरिफिकेशनला आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड कुणाकडे ठेवू नका. कामं, तास, सुट्ट्या व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ‘थोडं भांडी-बिंडी’ तिथेच कळतं. २००८च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालंय, १८ ते ६० वयात नोंदणी होते. पगार ते ठरवत नाही, तरी नोंदणी करा. मालकाचा दाखला लागतो. तो मागितला की चांगल्या बोलक्या मॅडमचीही भाषा जाते.

पार्ल्यातच पुढच्या वर्षी आजी म्हणाल्या, बाळाला मराठी गोष्टी सांगत जा, वाचून दाखवा. मी म्हटलं, दोन हजार जास्त पडतील. सून हसली, "मराठीचे वेगळे पैसे?" मी म्हटलं, पवईत मराठीचे कापतात, मग इथे वाढायला नकोत का?

एक हजार वाढले.