इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांत फिरताना या चुका टाळा

मध्य इटलीतल्या पेरूजात इटालियन शिकायला आलं की सुट्टीच्या दिवशी पाय असीसी, स्पेल्लो, गुब्बियोकडे वळतात. वळायलाच हवेत, कारण वर्गात शिकलेली भाषा त्या चढणीच्या गल्ल्यांमध्येच जिभेवर बसते.

माझा पहिला रविवार मात्र गुब्बियोच्या बसथांब्यावर गेला. खांबावरच्या वेळापत्रकात ‘फेरियाले’ असं लिहिलेल्या भरपूर गाड्या होत्या. ‘फेरिये’ म्हणजे सुट्ट्या, हे मी नुकतंच शिकले होते, म्हणून या सुट्टीच्या दिवसाच्या गाड्या असं धरून बसले. अर्थ नेमका उलटा निघाला! फेरियाले म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणासाठी ‘फेस्तीव्हो’ शोधायचं, आणि ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली गाडी फक्त शाळा चालू असतानाच धावते. गुब्बियोला रेल्वे स्टेशनही नाही. सगळ्यात जवळचं फोस्सातो दी व्हीको. म्हणून आधी परतीची गाडी पक्की करा, मग गाव चढा.

स्टेशनच्या पाटीवर नाव दिसलं म्हणजे गाव आलं, असंही नसतं. गाव माथ्यावर, रूळ पायथ्याशी. असीसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीमध्ये आहे, वर जायला बस घ्यावी लागते. ओर्व्हिएतोत स्टेशनसमोरूनच ‘फुनिकोलारे’, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी गाडी, वर नेते. बसचं तिकीट ‘ताबाक्की’त, म्हणजे तंबाखूच्या दुकानात मिळतं, रविवारी ते बंद असू शकतं, म्हणून जाता-येताची तिकिटं शनिवारीच घेऊन ठेवा. प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट स्टेशनवरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवल्याशिवाय गाडीत चढू नका, दंड होतो.

आता आपली, खास मराठी माणसाची चूक. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणायची सवय, म्हणून आपण एकाच माणसाला ‘व्होई’, म्हणजे अनेकवचनी ‘तुम्ही’ म्हणतो. स्पेल्लोत दारातल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका आजींना मी ‘कोमे स्ताते?’, म्हणजे ‘कसे आहात?’ असं विचारलं. त्यांनी माझ्यामागे कोण आहे, अशा नजरेनं मागे वळून पाहिलं. दक्षिणेत एकट्या माणसालाही आदरानं ‘व्होई’ म्हणणारे भेटतात, पण इकडे ते अनेकांसाठीच. आदरासाठी ‘लेई’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: ‘कोमे स्ता?’ आपल्याकडे हॉटेलात ‘साहेब काय घेणार?’ म्हणतात ना, तीच रीत. एवढं लक्षात ठेवलं तर ‘लेई’ परका वाटत नाही.

एका दिवसात तीन गावं करू नका. दुपारी बरीच दुकानं आणि चर्चं बंद असतात, धावपळ करणाऱ्याच्या हाती कुलुपंच लागतात. एकच गाव निवडा. दुकानं बंद असतील तेवढा वेळ चौकातल्या बारमध्ये कॉफी घेत बसा, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडू द्या. आणि संध्याकाळपर्यंत थांबाच. सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की गावकरी ‘पासेज्जाता’ला, म्हणजे पाय मोकळे करायला बाहेर पडतात. बाकावरच्या आजोबांना ‘बुओनासेरा’, म्हणजे शुभ संध्याकाळ म्हणा. कुठून आलात, किती दिवस आहात, अशी विचारपूस सुरू होते.