मायोलचा सही असलेला लिथोग्राफ घेताय? सही आधी बघू नका

फ्रेंच शिल्पकार आरिस्तीद मायोल म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्याच्या भरदार अंगाच्या, शांत बसलेल्या बायका, दगडातल्या आणि ब्राँझमधल्या. पण या माणसाने कागदावरही खूप काम केलंय, लाकडावर कोरलेले छाप, लिथोग्राफ वगैरे, आणि शिल्प घेणं आपल्या आवाक्यातलं नसलं तरी एखादा लिथोग्राफ कधीकधी परवडतो. घोटाळा तिथेच होतो. विकणारा आधी सही दाखवतो आणि आपण सही बघून हो म्हणतो. मीही तेच केलं. फ्रान्समधल्या एका दुकानात खाली पेन्सिलीची सही असलेलं चित्र आवडलं, घेतलं, घरी येऊन भिंग लावलं तर सगळीकडे एकसारखे ठिपके, म्हणजे कुठल्यातरी पुस्तकातलं छापील पान आणि त्यावर कोणीतरी केलेली सही. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी ज्या क्रमाने तपासतो तो इथे देतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप, जुन्या पोथ्या छापायचे तीच. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची, मग शाई फक्त तेलकट रेघांना धरते आणि ओल्या भागाला धरत नाही, वर कागद दाबला की छाप उठतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसच्या देवांच्या तसबिरीसुद्धा शिळेवरच्याच, फक्त तिथे प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागायची. मायोलचं काम बऱ्याचदा एकाच शाईत असतं, काळ्या नाहीतर गेरूसारख्या तांबूस.

पायरी १: आधी शिल्पं बघा. पॅरिसला जाणं झालं तर लुव्र म्युझियमला लागून असलेल्या कारुझेल बागेत त्याची ब्राँझ शिल्पं उघड्यावर आहेत, तिकीट लागत नाही. त्याची मॉडेल दिना व्हिएर्नी हिने ती देशाला दिली आणि १९६४-६५ च्या सुमाराला ती तिथे बसवली गेली. तिनेच १९९५ मध्ये पॅरिसमध्ये मायोल म्युझियमही उघडलं. जाणं शक्य नसेल तर फोटो चालतील, पण शिल्पाच्या चारही बाजूंचे हवेत. १९०५ साली लोकांसमोर आलेली त्याची 'भूमध्य' नावाची मूर्ती, एक गुडघा वर, त्यावर कोपर, हातावर टेकलेलं डोकं, ती नीट डोळ्यात भरून घ्या. मायोल आधी चित्रं काढायचा, मग टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रांची कापडं, विणायचा, डोळ्यांचा त्रास झाला आणि चाळिशीच्या आसपास तो पूर्ण शिल्पाकडे वळला, आणि त्यानंतरच्या त्याच्या रेघेत ते दिसतं, म्हणजे पाठीची रेघ काढताना त्याला मांडीचं वजन माहीत आहे, रेघ जिथे जाड होते तिथे मांस वळतंय. नकलेत रेघ बरोबर जागी असते पण तिच्यात वजन नसतं. हे शिकायला वेळ लागतो, पण शंभर चित्रं बघितली की जमतं.

पायरी २: दहापट भिंग लावा. खऱ्या शिळाछापीत खडूचा दाणा वेडावाकडा दिसतो, खरखरीत भिंतीवर खडू ओढल्यासारखा, कुठे दाट कुठे विरळ. ओळीत बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर ती ऑफसेट किंवा तसलीच यांत्रिक छपाई, तिथेच थांबा. एक अडचण मात्र आहे, कोलोटाइप नावाच्या जुन्या फोटोछपाईत असे ठिपके नसतात, तिथे अगदी बारीक, किड्यामुंग्यांच्या वाटांसारखी नक्षी दिसते, त्यामुळे ठिपके नाहीत म्हणून लगेच खूश होऊ नका.

पायरी ३: कागद. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. चित्र फ्रेममधून बाहेर काढायला सांगा, नाही म्हणाले तर घेऊ नका. उजेडासमोर धरलं की वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उठवलेली खूण, दिसतो. मायोलला बाजारातला कागद पटेना म्हणून त्याने आणि त्याचा पुतण्या गास्पार याने पॅरिसजवळ मोंव्हाल इथे स्वतः हातकागद करायला सुरुवात केली, जर्मन काउंट हॅरी केसलरने त्याला पैसे लावले, आणि १९२६ मध्ये जर्मनीत वायमारला केसलरच्या प्रेसने मायोलच्या लाकडी छापांसह रोमन कवी व्हर्जिलची गोपगीतं छापली ती या कागदावर. एका शिल्पकाराने छाप नीट उठावा म्हणून कागद बनवण्यापर्यंत जावं, हे मला फार मोठं वाटतं. पण यातच सापळा आहे. मोंव्हाल नावाचा कागद आजही कान्सोन कंपनी विकते, कोणत्याही आर्टच्या दुकानात मिळतो. म्हणजे नुसतं मोंव्हाल हे नाव दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही.

पायरी ४: यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, टॉर्च. अंधाऱ्या खोलीत कागदावर मारा. साधारण १९५० नंतर कागदात पांढरेपणासाठी चमक देणारी रसायनं सर्रास घालायला लागले, असा कागद निळापांढरा लखलखतो, जुना कागद मंद पिवळट राहतो. मायोल १९४४ च्या सप्टेंबरमध्ये गाडीच्या अपघातानंतर गेला. आता जोडा हिशोब, कागद लखलखतोय आणि खाली त्याच्या हातची सही आहे असं कोणी सांगत असेल तर ती सही त्याची असणं जवळजवळ अशक्य. मागची बाजूही तपासा, कारण कधीकधी फक्त पाठीला चिकटवलेला नवा कागद चमकतो.

पायरी ५: आता सही. बऱ्याचदा पूर्ण नाव नसतं, फक्त एम हे अक्षर असतं. ते शिळेत आहे की हाताने केलंय हे बघा. शिळेतली खूण चित्राच्याच शाईत, चित्राइतकीच सपाट असते, ती सगळ्या प्रतींवर असते आणि तिला सही केलेली प्रत म्हणत नाहीत. पेन्सिल मात्र तिरक्या उजेडात चमकते, कागदाच्या तंतूंवर बसलेली दिसते, आणि मागून बोट फिरवलं तर कधीकधी दाब लागतो. आकडा असेल, समजा १२/५०, तर पन्नासातली बारावी प्रत. ई.ए. म्हणजे कलाकाराची प्रत, एच.सी. म्हणजे विक्रीसाठी नसलेली.

पायरी ६: मार्सेल गेराँने मायोलच्या सगळ्या छापांची दोन खंडांची यादी केलीय, जिनिव्हाहून १९६० च्या दशकात निघालेली. विकणाऱ्याला सरळ विचारा, गेराँ नंबर, म्हणजे या यादीतला नंबर, काय? मग लायब्ररीत जाऊन माप, शाईचा रंग, प्रतींची संख्या जुळवा. माप घेताना चित्राचं आणि कागदाचं वेगवेगळं घ्या, कडा कापलेल्या असतील तर इथेच कळतं.

पायरी ७: बिल. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या सरकारी आदेशाने कलावस्तूंच्या बिलावरच्या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. 'सिन्ये', म्हणजे सही केलेलं, असं बिनशर्त लिहिलं असेल तर काम त्याच कलाकाराचं आहे याची विकणारा हमी देतोय. 'दाप्रे मायोल' लिहिलं असेल तर मायोलच्या कामावरून केलेलं, हमी काहीच नाही. द्रुओ या पॅरिसच्या लिलावघरात विक्रीआधी चित्रं बघायला ठेवतात, कोणीही आत जाऊ शकतं, तेव्हा कॅटलॉगमधला हा एक शब्द आधी वाचा, आणि हातोडा पडतो त्या किमतीवर वेगळी फी लागते ती धरून बोली लावा.

घेतलंत आणि मुंबई-कोकणात आणणार असाल तर आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), चिकटपट्टी अजिबात नाही, कागद आणि काच यांच्यात जागा, आणि बाहेरून पाऊस झोडपतो त्या भिंतीवर टांगू नका. गणपती झाले की फ्रेम उतरवून मागे ओल धरलीय का बघा, तपकिरी ठिपके तिथूनच सुरू होतात.